मत्स्यपेटीचे सांधे

पुण्याहून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें आणि चांदणी चौक मागें पडला, कीं प्रथम भूगांव आणि त्यानंतर भुकूम हीं गांवें लागतात. मुळशी तालुक्यांतील हा पट्टा एके काळीं शेतांचा व गुरांच्या रानांचा होता. आज तेथें रस्त्याच्या दोहों बाजूंस उंच इमारती उभ्या आहेत आणि शहरांतून आलेलीं कितीतरी कुटुंबें त्यांत नांदत आहेत. याच परिसरांत, खाटपेवाडीच्या डोंगरउतारावर, रामनदीचा उगम आहे. ही लहानशी नदी भूगांव, बावधन, पाषाण अशी वाहत जाऊन पुढें मुळेला मिळते. नदीचा हा उल्लेख येथें केवळ स्थलवर्णनासाठीं केलेला नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

अशा नव्या वस्तींतील बैठकीच्या खोलींत पूर्वीच्या देवळीची किंवा फडताळाची जागा आतां कित्येकदां मत्स्यपेटीनें घेतलेली दिसते. घरोघरीं तिला ‘फिश टँक’ असेंच म्हणतात. ही पेटी बहुधा कांचेची असते; पण अलीकडे ॲक्रिलिकच्या पेट्याहि पुष्कळ घरांत आल्या आहेत. ॲक्रिलिक वजनाला हलकें, टक्क्याटोणप्याला सोशिक, आणि मुख्य म्हणजे करवतीनें कापलें जाणारें. या शेवटच्या गुणामुळेंच गृहस्थाच्या मनांत एक विचार येतो, जो कांचेच्या पेटीविषयीं सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. चार फुटांची पेटी नव्या घराच्या कोपऱ्यांत बसत नाहीं, तर फूटभर कापून टाकावी. किंवा पेटी बुटकी दिसते, तर वरून पट्टी जोडून ती उंच करावी. विचार अगदींच वेडगळ नाहीं. मात्र पेटी लहानमोठी करणें म्हणजे पेटाऱ्याचें झांकण बदलणें नव्हे. मनुष्यानें पाण्याला उभ्या, पारदर्शक भिंतींत कोंडण्याचा जो उद्योग गेल्या पावणेदोनशें वर्षांत केला, त्याचा सारा इतिहास या एका सांध्याशीं येऊन थांबतो.

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. मराठीच्या प्राचीन खुणा शोधणारे अभ्यासक ज्या ग्रंथांकडे वळतात, त्यांत त्याची गणना होते. त्यांत राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आलें आहे. माशांच्या जाती, त्यांचे आकार, कोणत्या माशाला कोणतें खाद्य आवडतें आणि तो गळाला कसा लावावा, हें सारें त्यांत सांगितलें आहे. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं या प्रकरणावर एक अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. पण सोमेश्वराचा हा विनोद नदीच्या व तळ्याच्या कांठावरचा होता. मासा पाण्यांत, मनुष्य कांठावर, आणि दृष्टि वरून खालीं. चिनी लोकांनीं सोनेरी मासे शतकानुशतकें चिनी मातीच्या भांड्यांत वाढविले, तेहि वरूनच पाहिले. वाड्यांतल्या हौदांतला मासाहि पाठीकडूनच दिसे. मासा बाजूनें, डोळ्यांस डोळा भिडवून पाहावयाचा, तर भिंत पारदर्शक पाहिजे आणि तरीहि ती पाण्याचा रेटा सहन करणारी पाहिजे. या दोन अटी एकत्र येण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

१८३२ च्या सुमारास झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच विदुषीनें सिसिलींत समुद्रजीवांच्या निरीक्षणासाठीं कांचेच्या पेट्या करविल्या आणि आर्गोनॉट नांवाचा प्राणी आपलें कवच स्वतःच घडवितो, तें दुसऱ्याचें पळवीत नाहीं, हें सिद्ध केलें. इंग्लंडांत नथॅनियल वॉर्ड या वैद्यानें झाडें जगविण्यासाठीं बंद कांचपेटी वापरली. १८४५ सालीं तेथील कांचेवरील कर उठला आणि कांच सामान्य घरांच्या आवांक्यांत आली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ निर्मळ राहतें असें दाखवून दिलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखीं केला. त्यानंतर कांहीं वर्षें इंग्लंडांतील मध्यम वर्गाला या छंदानें असें झपाटलें होतें, कीं समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांतील डबकीं माणसांनीं अक्षरशः उपसून रिकामीं केलीं.

त्या काळच्या पेटीकडे कारागिराच्या नजरेनें पाहिलें पाहिजे. तिचा तळ पाटीच्या दगडाचा, चौकट लोखंडाची किंवा जस्ताची, आणि चौकटींत कांचा बसविलेल्या. कांच व चौकट यांमधली फट भरण्यासाठीं लांबी, म्हणजे खिडक्यांना वापरतात ती पुट्टी. पाण्याचा रेटा कांचेला बाहेर ढकली, कांच पुट्टीला दाबी, आणि त्या दाबानेंच सांधा घट्ट राही. यांत एक मोठी खोड होती. पेटी रिकामी करून कांहीं दिवस कोरडी ठेवली, कीं पुट्टी सुकून आकसे आणि पुन्हां पाणी भरतांच पेटी झरूं लागे. कांहीं पुट्ट्यांत शिसें असे. तें पाण्यांत उतरून मासे मरत. खाऱ्या पाण्यानें चौकट गंजे तें निराळेंच. आणि पेटीचा आकार? तो चौकटीनें एकदां ठरविला, कीं कायमचा ठरला. पेटी वाढविणें म्हणजे नवी पेटी करणें.

हिंदुस्थानांत सार्वजनिक मत्स्यालय प्रथम मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ सालीं उघडलें. मुंबईला त्यासाठीं स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावें लागलें. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. त्यास सुमारें ८ लाख रुपये खर्च आला, त्यांतील २ लाखांची देणगी डी. बी. तारापोरवाला या दानशूर पारशी गृहस्थांची होती. मुंबईस जाणारीं पुण्याचीं, नाशकाचीं, रत्नागिरीचीं मुलें राणीचा बाग पाहून झाली, कीं हें मत्स्यालय पाहावयास जात. समुद्राचा मासा बाजूनें कसा दिसतो हें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं प्रथम तेथें पाहिलें. तेथील दर्शनाची रीत भिंतींतल्या खिडकीची होती: काळोखी दालन, ओळीनें मांडलेल्या पेट्या, आणि प्रत्येकीला कांचेचें एक तावदान. २०१५ सालीं नूतनीकरणानंतर तें पुन्हां उघडलें, तेव्हां त्यांत बारा फूट लांबीचा ॲक्रिलिकचा बोगदा होता, आणि मासे पाहणाराच्या डोक्यावरून पोहत होते. तावदानाचा बोगदा झाला, याचें श्रेय एका नव्या पदार्थाला आहे.

तो पदार्थ, ज्याचें रसायनशास्त्रांतील नांव पॉलिमेथिल मेथाक्रिलेट, समुद्रजीवांसाठीं निर्माण झालेला नव्हता. ओटो र्‍यूम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०१ सालचा आपला प्रबंध ॲक्रिलिक पदार्थांवरच लिहिला होता. परंतु त्याच्या कारखान्यांतून ‘प्लेक्सिग्लास’ या नांवाचा पारदर्शक पत्रा बाहेर पडण्यास १९३३ साल उजाडलें. त्याच सुमारास इंग्लंडांत आय. सी. आय. या कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं ‘पर्स्पेक्स’ काढलें. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांच्या चालककक्षावरील पारदर्शक घुमट याच पदार्थाचे केले जात. गोळी लागून घुमट फुटला, कीं त्याचे कण वैमानिकाच्या डोळ्यांत शिरत. हॅरल्ड रिड्ली या नेत्रवैद्याच्या लक्षांत आलें, कीं हे कण डोळ्यांत राहूनहि डोळा सुजत नाहीं. त्यावरून त्यानें १९४९ सालच्या नोव्हेंबरांत लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचें भिंग बसविलें. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत बसविलेलें भिंग बहुधा याच कुळांतील पदार्थाचें असतें. तेव्हां आजोबा ॲक्रिलिकच्या पेटींतले मासे पाहत बसतात, त्या वेळीं पेटीची भिंत आणि त्यांच्या डोळ्यांतलें भिंग हीं एकमेकांचीं भावंडें असतात.

कांचेहून ॲक्रिलिकचें वजन निम्म्याहून कमी. त्यांतून प्रकाश सुमारें ९२ टक्के पार जातो. परंतु ताठपणांत तें कांचेच्या जवळपासहि येत नाहीं. कांचेचा ताठपणा त्याच्या सुमारें वीसपट भरेल. कांच वांकत नाहीं, फुटते. ॲक्रिलिक आधीं वांकतें. म्हणून ॲक्रिलिकच्या पेटीला वरच्या कडेवर आंतल्या बाजूस रुंद पट्टी चिकटविलेली असते. पाहणारास ती शोभेची वाटते. वस्तुतः समोरची व मागची भिंत फुगून बाहेर येऊं नये म्हणून त्यांना धरून ठेवणारा तो कमरपट्टा आहे.

या पदार्थाचें सर्वांत मोठें वेगळेपण त्याच्या सांध्यांत आहे. १९६० नंतर कांचेच्या पेट्यांतून चौकट गेली आणि सिलिकोनचा रबरासारखा लेप आला. पण तो कांचेला जसा चिवटपणें धरतो, तसा ॲक्रिलिकला धरीत नाहीं. ॲक्रिलिकचा सांधा चिकटविलेला नसतोच, तो विरघळवून एक केलेला असतो. दोन घासून सपाट केलेल्या कडा एकमेकींस लावून धरतात आणि मेथिलीन क्लोराइडसारखा पातळ द्रावक सुईनें फटीच्या तोंडाशीं सोडतात. केशाकर्षणानें तो फटींत धांवतो, दोन्ही पृष्ठें किंचित् विरघळतात, दोहोंकडच्या लांब रेणुमाला एकमेकींत गुंततात, आणि द्रावक उडून गेला म्हणजे दोन पत्र्यांचा एक पत्रा होतो. सांधा चांगला साधला, तर तो दिसतहि नाहीं. कड वांकडी असली, मध्यें हवेचे बुडबुडे राहिले, किंवा बोथट करवतीच्या उष्णतेनें कड वितळून तिच्यांत ताण कोंडला गेला, तर द्रावक लागतांच किंवा त्यानंतर कांहीं महिन्यांनीं त्या ठिकाणीं केसासारख्या बारीक भेगांचें जाळें उमटतें.

आतां पाण्याचा हिशेब. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच अशी पेटी कांठोकांठ भरली, तर तींत ३२४ लिटर पाणी मावतें, म्हणजे पाण्याचेंच वजन ३२४ किलो झालें. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, लांबीरुंदीबरोबर नाहीं. म्हणून समोरच्या भिंतीवर एकूण रेटा सुमारें २१६ किलो पडतो, आणि त्यांतला पुष्कळसा तळाच्या अंगास असतो. तीच पेटी १५ सेंटिमीटरांनीं उंच केली, तर उंची पावपट वाढते, पण भिंतीवरचा रेटा दीडपटीहून अधिक होऊन ३३७ किलोंवर जातो. उलट उंची ६० ची ४५ केली, तर तो सुमारें १२१ किलोंवर उतरतो. हा हिशेब शाळेंतील मुलाला येतो. दुकानांतील विक्रेता तो सहसा सांगत नाहीं, आणि करवत हातांत घेतलेल्या उत्साही गृहस्थाला तो त्या क्षणीं आठवत नाहीं.

मोठ्या मत्स्यालयांनीं हाच हिशेब पत्र्याची जाडी वाढवून सोडविला. कॅलिफोर्नियांतील मॉन्टरे येथें १९८४ सालीं उघडलेल्या मत्स्यालयाचीं उंच तावदानें सुमारें सात इंच जाडीचीं होतीं. जपानच्या ओकिनावा बेटावर २००२ सालीं २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच व ६० सेंटिमीटर जाड असें एक तावदान बसविलें गेलें. असे पत्रे एकसंध ओतलेले नसतात. पातळ पत्र्यांचे थर व तुकडे एकमेकांस जोडून ते तयार होतात. म्हणजे येथेंहि अखेर सांधाच आला.

बर्लिनची गोष्ट या संदर्भांत विसरतां येण्याजोगी नाहीं. तेथील एका हॉटेलच्या दालनांत सुमारें १४ मीटर उंचीची, दंडगोलाच्या आकाराची ॲक्रिलिकची प्रचंड मत्स्यटाकी होती. तींत दहा लाख लिटर खारें पाणी आणि सुमारें १,५०० मासे होते. २०२० मध्यें डागडुजीसाठीं ती रिकामी केली. २०२२ च्या उन्हाळ्यांत ती पुन्हां लोकांस खुली झाली. १६ डिसेंबर २०२२ रोजीं पहाटे सहाच्या सुमारास ती एकाएकीं फुटली. पाण्याच्या लोंढ्यानें दालनांतील सामान रस्त्यावर नेऊन टाकलें, जवळजवळ सारे मासे मेले. वेळ पहाटेची होती म्हणूनच मनुष्यहानि झाली नाहीं. दोघांना किरकोळ इजा झाली. तज्ज्ञांचा अहवाल २०२३ सालीं आला. निश्चित कारण हातीं लागलें नाहीं, पण तीन शक्यता त्यांत मांडल्या आहेत. एखादा जोडसांधा निकामी झाला असावा. किंवा डागडुजीच्या वेळीं तळाशीं पडलेली खोंच वाढत गेली असावी. किंवा टाकी फार काळ कोरडी राहिल्यानें ॲक्रिलिकला दोष आला असावा. ॲक्रिलिक पाण्यांत राहून थोडें पाणी शोषून घेतें व किंचित् फुगतें, कोरडें पडल्यावर आकसतें, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुट्टीच्या जुन्या पेट्या रिकाम्या ठेवल्यावर झरत, ही तक्रार दीडशें वर्षांनंतर निराळ्या वेषांत परत आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

घरगुती पेटीचा प्रसंग अर्थातच लहान. पण त्याचे नियम तेच. पेटीची उंची कमी करणें हा फेरबदल त्यांतल्या त्यांत निर्धोक. वरचा भाग कापला जातो, पाण्याला धरून ठेवणारे तळाचे व कोपऱ्यांचे सांधे जागच्या जागीं राहतात, आणि भिंतीची जाडी पूर्वीच्याच उंचीसाठीं ठरविलेली असल्यामुळें ती आतां गरजेहून अधिकच ठरते. मात्र कापतांना तो कमरपट्टा निघून गेलेला असतो. तो नव्यानें बसविल्याशिवाय पेटी भरणें म्हणजे भिंतींना फुगण्याची मोकळीक देणें होय. लांबी कमी करणें याहून अवघड. टोंकाची भिंत काढून ती आंत सरकवावी लागते, आणि तिच्या चारहि कडांना नवा सांधा येतो. त्यांतील तळाच्या सांध्यावर पाण्याचा सर्वांत अधिक दाब असतो, आणि तो सांधा जुन्या, पाणी प्यालेल्या, शेवाळानें माखलेल्या पत्र्याशीं करावयाचा असतो. पत्रा नीट वाळवून, कड यंत्रानें सरळ करून घेतल्यावांचून तो विश्वासार्ह होत नाहीं. उंची वाढविणें हें मात्र टाळावेंच. चारहि भिंतींच्या पोटांतून एक आडवा सांधा फिरतो, भिंत वांकते ती नेमकी तेथेंच, पत्र्याची जाडी कमी उंचीसाठीं ठरविलेली असते, आणि रेटा मात्र दीडपट झालेला असतो. मेथिलीन क्लोराइडची वाफ आरोग्यास घातक आहे. खिडक्या लावलेल्या खोलींत, विशेषतः लहान मुलें असलेल्या घरांत, हें काम होऊं नये. पुण्यांत ॲक्रिलिकच्या पाट्या व खोकीं करणारे कारागीर आहेत. कड सरळ करण्याचें यंत्र त्यांच्याजवळ असतें, आणि सांध्याला लागणारा धीरहि.

हें सारें चाललें असतां माशांचें काय? सांध्याला पुरती बळकटी येण्यास दिवस लागतात. तेवढा काळ मासे दुसऱ्या टबांत ठेवावे लागतात. पेटीची गाळणी बंद करून कोरडी टाकणें ही येथें नेहमी होणारी चूक. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा विषारी अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतु त्या गाळणीच्या स्पंजांत वाढलेले असतात. स्पंज सुकला कीं ते मरतात, आणि नव्या पेटींत सोडलेले मासे आपल्याच घाणीच्या विषानें दगावतात. म्हणून गाळणी त्याच टबांत चालू ठेवावयाची.

याहून कठीण प्रश्न उरलेल्या माशांचा. ३२४ लिटरांची पेटी १८० लिटरांवर आली, कीं तींतले कांहीं मासे अधिक होतात, आणि दयाळू गृहस्थाला जवळचा ओढा आठवतो. भुकूममध्यें तो ओढा म्हणजे रामनदी. येथें नदीचा उल्लेख पुन्हां करावा लागतो. पुण्याच्या नद्यांतील माशांची नोंद फार जुनी आहे. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांवर १८३९ च्या सुमारास निबंध लिहिला. फ्रेझर यांनीं, आणि होरा व मिश्र यांनीं १९४२ सालीं पुण्याच्या माशांच्या याद्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या. हे होरा म्हणजेच पुढें ‘मत्स्यविनोदा’वर लिहिणारे. या जुन्या याद्या असल्यामुळेंच पुण्यांतील संशोधकांना २००३ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें मुळा-मुठेच्या माशांत काय बदल झाला तें दाखवितां आलें. पूर्वीं सांपडणाऱ्या कांहीं जाति आतां सांपडत नाहींत, आणि कांहीं परक्या जाति नदींत नव्यानें आल्या आहेत. तिलापिया आणि डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं सोडलेले गप्पी व गंबुसिया ही त्याचीं ठळक उदाहरणें. पेटींत बोटाएवढा दिसणारा, कांचेला चिकटून शेवाळ खाणारा ‘सकर’ मासा खुल्या पाण्यांत हातभर होतो, आणि देशांतील कितीतरी तळ्यांत व नद्यांत तो आज घर करून बसला आहे. हौशी मंडळींनींच तो तेथें पोहोंचविला असें मानण्यास भरपूर आधार आहे. उगमाशीं सोडलेला मासा प्रवाहाबरोबर पाषाणच्या तलावांत आणि पुढें मुळेंत उतरतो. वरच्या गांवानें केलेलें औदार्य खालच्या साऱ्या नदीच्या वांट्यास येतें. नको असलेले मासे दुकानदाराकडे परत द्यावे, किंवा मोठी पेटी असलेल्या ओळखीच्या घरीं. ते घ्यावयास कोणी तयार झाल्यावरच करवत हातीं घेतलेली बरी.

पेटी तयार झाल्यावर ती एकदम बैठकीच्या खोलींत आणीत नाहींत. गच्चीवर किंवा वाहनतळाच्या जागेंत, तळाला सर्वत्र सारखा आधार मिळेल अशा सपाट फळीवर ती ठेवतात आणि एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, अशा टप्प्यांनीं भरतात. प्रत्येक टप्प्याला समोरची भिंत मध्यभागीं किती फुगली तें सरळ पट्टी लावून मोजतात आणि लिहून ठेवतात. पूर्ण भरल्यावर निदान आठवडाभर ती तशीच राहूं देतात. नव्या सांध्याच्या खालीं वर्तमानपत्राची घडी सरकवून ठेवतात. पाण्याचा एक थेंब जरी पाझरला, तरी कागदावर त्याचा डाग आधीं दिसतो.